मागच्या बाजूची शायरी

प्रति,
सन्माननीय आमदारसाहेब,
आमदार निवास, मुंबई.



पत्रास कारण की, अर्थसंकल्पी अधिवेशनातले आपले पहिले भाषण ऐकले आणि राहवले नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपण निवडून आलात, तेव्हा बाजारपेठेतल्या फ्लेक्सवरच्या आपल्या नावाआधीचा ‘भावी’ हा शब्द पांढरी पट्टी चिकटवून झाकला गेला. फ्लेक्स तेच राहिले. अशी काटकसर करणारा माणूस सरकारी पैशालाही जपेल, असे मी तेव्हाच आमच्या घरी बोललो होतो.

माझी ओळख सांगतो. मी विधानभवनात प्रतिवेदक होतो. अध्यक्षांच्या आसनासमोर खाली जे टेबल असते तिथे बसायचे, सन्माननीय सदस्य बोलतील ते लघुलिपीत टिपायचे, पाळी संपली की उठून ते मराठीत उतरवायचे. ‘(हशा)’, ‘(अडथळा)’ हे कंसही आम्हीच टाकायचो. निवृत्त होऊन गावी आलो तरी सवय जात नाही. कीर्तनाला बसलो तरी मांडीवर बोट चालते. तेव्हा आपले भाषण मी शब्दशः उतरवून घेतले आहे, हे वेगळे सांगायला नको.

रात्रीचे साडेनऊ झाले होते. सामाजिक न्याय विभागाच्या मागण्यांवर चर्चा चालू होती. आसनावर तालिका अध्यक्ष, समोर बाकांच्या रांगा आणि अधूनमधून एखादे डोके. सभागृहाच्या गणपूर्तीला २८८ पैकी २९ सदस्य लागतात. कोणी विचारत नाही तोवर ते हजरच असतात, ही आपली जुनी आणि सोयीची परंपरा आहे. आपले नाव पुकारले गेले. आपण उठलात, जॅकेट सारखे केलेत आणि माइक लागलेला असताना त्यावर टकटक केलीत.

वेळ मिळाला आठ मिनिटे. त्यातली चार मिनिटे चाळीस सेकंद आभारात गेली. पक्षश्रेष्ठी, जिल्ह्याचे नेते, पालकमंत्री, ग्रामदैवत, मातोश्री, बूथवरचे कार्यकर्ते आणि पुन्हा एकदा पक्षश्रेष्ठी. नमनाला घडाभर तेल म्हणतात, आपण टँकर आणलात. ‘अध्यक्ष महोदय’ हे शब्द तेवीस वेळा आले. लघुलिपीत त्यांना एकच फराटा लागतो, त्यामुळे माझी वही वळवाच्या पावसासारखी दिसत होती, नुसत्या तिरक्या सरी.

पाचव्या मिनिटाला आपण विषयाला हात घातलात. विभागाचे नाव सामाजिक न्याय. त्यातला ‘सामाजिक’ आपण बरोबर पकडलात आणि मतदारसंघासाठी तीन सामाजिक सभागृहे मागितलीत. शिवाय एक स्वागत कमान, आणि कमानीपासून सभागृहापर्यंत पेव्हर ब्लॉक. आमदाराला स्थानिक विकासनिधी वर्षाला पाच कोटी मिळतो. त्यातून हे सगळे होऊ शकते हे आपल्याला ठाऊक नसेल असे नाही. पण सभागृहात मागितले की क्लिप निघते, आणि क्लिप निघाली की ती साडेसात मिनिटांत तालुक्यातल्या ग्रुपवर पडते. पडलीही. खाली पार्श्वसंगीत होते.

सहाव्या मिनिटाला आपण खिशातून एक कागद काढलात, तेव्हा मात्र माझे बोट थांबले.

तो कागद मी ओळखला. फिकट पिवळा, रेघांचा, फुलस्केप. होळीच्या आधी आपल्या संपर्क कार्यालयात मीच तो दिला होता. ‘साहेब सामाजिक न्यायवर बोलणार आहेत, मुद्दे असतील तर द्या’, असा निरोप आपल्याच स्वीय सहायकाने फिरवला होता. भाषण ऐकताना माझ्या शेजारी सुशीलाकाकू बसल्या होत्या. कागद त्यांच्याच गाऱ्हाण्याचा. त्यांनी मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला होता आणि पदर सावरून बसल्या होत्या, जणू आपणच त्यांच्याकडे बघत होता. “निघाला गं बाई कागद,” त्या म्हणाल्या. आपण कागद उलगडलात, उलटा केलात आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली शायरी वाचलीत. समुंदर, तूफान, कश्ती, सगळे होते. आपल्या तालुक्यातली नदी जानेवारीत आटते, पण ते असो. बाके वाजली. म्हणजे दोन बाके वाजली. मी कंसात ‘(बाके वाजवून स्वागत)’ असे लिहून घेतले.

आता कागदाची दुसरी बाजू. ती आपल्या तळहाताकडे होती, त्यामुळे वाचायची राहून गेली असणार.

काकू विधवा. मुलगी नांदते, घरात एकट्या. दोन घरी स्वयंपाकाला जातात, घरटी एक हजार, म्हणजे वर्षाचे २४ हजार. ‘लाडकी बहीण’ योजनेचे दीड हजार त्यांना महिन्याला येतात. त्या योजनेला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, काकू त्यात आरामात बसतात. पण योजना २१ ते ६५ वर्षांपर्यंतची, आणि दिवाळीत काकूंना ६५ पुरी होतात. तिथून पुढच्या म्हाताऱ्या माणसांसाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे, पैसे तितकेच. मात्र दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर तिथे उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार. महिन्याला १७५०. काकूंचे नाव यादीत नाही, आणि त्या अडीचशे रुपयांनी श्रीमंत आहेत.

म्हणजे असे बघा साहेब, सरकारच्या लेखी ही बाई पासष्टीपर्यंत अडीच लाखांच्या आतली गरीब बहीण आहे आणि पासष्टी ओलांडली की २१ हजारांच्या वरची सधन आई. पदर तोच, चूलही तीच. काकूंनी हिशेबही करून ठेवला आहे. एक घर सोडले तर बारा हजार जातात आणि श्रावणबाळचे अठरा हजार येतात. “मग काम करणंच नडतंय की,” त्या म्हणाल्या. त्यांना सल्ला देणारेही भेटले. दाखले काढून देणाऱ्या एकाने वीस हजारांचा उत्पन्नाचा दाखला मिळवून देतो म्हणून सांगितले, खर्च काय तो वेगळा. काकू नको म्हणाल्या. त्यांचे म्हणणे असे, की ज्या दोन घरी मी स्वयंपाक करते त्यातले एक मास्तरांचे आहे, त्यांना काय वाटेल?

एवढेच होते त्या बाजूला. वाचायला चाळीस सेकंद लागतात, मी घड्याळ लावून बघितले आहे. मंत्रिमहोदय समोर बसले होते आणि अधिकारी दीर्घेत होते. पण चाळीस सेकंदांत तूफानातून कश्तीसुद्धा बाहेर निघत नाही, हेही खरे.

आपण बाबासाहेबांचे नाव तीनदा घेतलेत, म्हणून एक आठवले. तेही एकदा नवे सदस्य होते. मुंबई विधान परिषदेवर नेमणूक झालेली, वय ३५, आणि २४ फेब्रुवारी १९२७ ला अर्थसंकल्पावर बोलायला उठले. त्यांनी काय विचारावे? प्राप्तिकर भरणाऱ्याला एका मर्यादेच्या खाली माफी आहे, मग एकरभर जमिनीच्या शेतकऱ्याला, पीक येवो न येवो, सारा का भरावा लागतो? मर्यादा कुणासाठी आखली आणि कुणासाठी नाही, एवढाच प्रश्न. पुढच्याच महिन्यात ते शिक्षणावरच्या खर्चावर बोलले. इलाख्यात शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च होतात आणि दारूवरच्या करातून माणशी दोन रुपयांच्या वर जमा होतात, हे त्यांनी शेजारी शेजारी मांडून दाखवले. दुसऱ्या वर्षी गिरणीतल्या बायकांच्या प्रसूतिरजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला, १९२९ मध्ये तो कायदा झाला. त्या भाषणांत शायरी नाही. बाके वाजली होती की नाही, कोण जाणे. उतरवून घेणारा प्रतिवेदक मात्र घामाघूम झाला असेल, कारण आकड्यांना एक फराटा पुरत नाही.

हे मी तुलना म्हणून सांगत नाही. तुलनेला काहीतरी दोन्हीकडे असावे लागते.

आपले बाकीचे योगदानही मी पाहतो आहे. विधानभवनाच्या पायऱ्यांवर आपण दुसऱ्या रांगेत, डावीकडून चौथे, फलक उलटा. विरोधी बाकावरच्या बाई अंगणवाडी सेविकांच्या मानधनावर बोलत होत्या, तेव्हा आपण बसूनच ‘सत्तर वर्षांत काय केलं?’ असे विचारलेत. त्या बाईंचे वय पन्नासच्या आत असावे. तरीही प्रश्न मूलगामी होता. वृत्तात त्या जागी ‘(अडथळा)’ असा कंस पडला असणार, पण मनाला लावून घेऊ नका, आमच्याकडे दुसरा शब्द नव्हता.

आणि शेवटी तो क्षण आला. मागण्या मताला टाकल्या. “अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे.” हजारो कोटींची रक्कम, ज्यात काकूंचे न मिळणारे दीड हजारही आहेत, एका शब्दात मंजूर व्हायची होती. आपण फोनमध्ये क्लिप बघत होता, मान वर केली नाहीत, पण ‘होय’ सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणालात. त्या दिवशीच्या चर्चेत आपला हा एकच शब्द असा, ज्याने सरकारी तिजोरीत काही हालचाल झाली.

प्रक्षेपण संपले. तांब्याला टेकवलेला मोबाइल काढून पुसत काकूंनी विचारले, “माझं नाव आलं का हो? मला मेलीला हिंदी कळत नाही.” मी म्हणालो, “कागद तरी आला.” त्या म्हणाल्या, “साहेब बोलले छान पण.”

पावसाळी अधिवेशन जूनअखेरीस भरेल. तारांकित प्रश्न विचारायचा तर सूचना बऱ्याच आधी द्यावी लागते, नमुना आपल्या सहायकाकडे पाठवला आहे, आपण फक्त सही करायची. भाषणासाठीचा मुद्दाही सोबत नव्याने जोडला आहे. मजकूर तोच, कागद तोच, पिवळा आणि रेघांचा. मात्र या वेळी तो मी पाठपोट लिहिला आहे.

कळावे,

आपल्याच मतदारसंघातला,
एक निवृत्त प्रतिवेदक