वाघोलीत टॉवर, तेही हॉलमध्ये!

शिव शिव! कानावर आलं ते खरं निघालं. आमच्या वाघोलीत, जिथे उन्हाळ्यात टँकरच्या पाळीवरून सोसायटीच्या ग्रुपवर महायुद्धं पेटतात, तिथे चांगले संसारी, गृहकर्जाचे हप्ते वेळेवर भरणारे पुरुष चोरून स्पीकर आणू लागलेत. चोरून म्हणजे अगदी चोरून. वहिनी ऑफिसला निघाल्या की डिलिव्हरी बोलवायची, गेटवरच्या वॉचमनला आधीच दम भरायचा की घरी इंटरकॉम करू नकोस, आणि खोकी थेट वर न नेता मित्राच्या घरी दडवायची. संध्याकाळी वहिनींनी विचारलंच, तर ‘हे ना? जुनेच आहेत. पुसून लख्ख केले.’ जुने काळे होते, हे अक्रोडी. पुसून रंग बदलणारे स्पीकर जगात दुसरीकडे कुठे पाहिलेत तुम्ही?

सुरुवात किती निरागस असते बघा. टीव्हीवरचे संवाद नीट कळत नाहीत म्हणून साऊंडबार येतो. इथवर घरात सगळे खूश. मग ऑफिसातला कुणी भला माणूस कान भरतो की साऊंडबारवर सिनेमा बघावा, गाणं ऐकू नये. झालं! बुकशेल्फ स्पीकर येतात. नाव बुकशेल्फ, पण पुस्तकांच्या फळीवर ठेवले तर या मंडळींच्या बिरादरीत हुक्कापाणी बंद. त्यांना वेगळे स्टँड हवेत, वरचे सूर वाजवणारा ट्वीटर बरोबर कानाच्या उंचीला आला पाहिजे. स्टँड आले की बेस कमी वाटायला लागतो. म्हणून जमिनीवर उभे राहणारे उंच टॉवर. टॉवरला अँप पुरत नाही, म्हणून अँप. अँप चांगला आला की डिजिटल गाणं अँपला समजेल असं करून देणारा डॅक फिका. एकेका गृहस्थाच्या कपाटावर मागल्या संसारांची रिकामी खोकी रचलेली आहेत. ती टाकायची मात्र नाहीत हं! उद्या विकताना ‘बॉक्ससकट, सिंगल ओनर, घरगुती वापर’ असं लिहायचं असतं.

आणि भाषा तर विचारूच नका. आमच्या मजल्यावरचे एक काका गेली कित्येक वर्षं भाजीत मीठ कमी की जास्त हे सांगू शकलेले नाहीत; पण हे गृहस्थ ‘मिड्स जरा उबदार आहेत, पण वरच्या टोकाला धार आहे’ असं छातीठोक बोलतात. यांच्यात लग्नाच्या स्थळासारखी स्पीकरची पत्रिका बघतात. सेन्सिटिव्हिटी किती, ओहम किती, अँपशी जमेल का. पत्रिका बघण्यात तथ्य आहे, हे मीही मान्य करते. एक स्पीकर एका वॉटला, एक मीटरवर ८४ डेसिबल आवाज देत असेल आणि दुसरा ९०, तर फरक दिसतो सहाचा. पण दर तीन डेसिबलला ताकद दुप्पट लागते. म्हणजे दुसऱ्याला २५ वॉट पुरतात तिथे पहिल्याला शंभर. चिमुकला दिसणारा स्पीकर अँप खाऊन बसतो तो असा. पण काकांनी घेतलेला आकडा कुठला? वजन! ‘एकेक बावीस किलोचा आहे,’ असं ते लिफ्टमध्ये सांगत होते.

तरुण पिढी बिघडली असं म्हणायची सोय नाही, कारण हे पुण्याचं जुनंच व्यसन आहे. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास, तपकीर गल्लीत, आजचे कित्येक आजोबा एके काळी नुसते स्पीकरचे कोन विकत घेत फिरायचे आणि सुताराला गाठून प्लायवूडची पेटी ठोकून घ्यायचे. पेटीत कापूस किती भरायचा यावरून मैत्र्या तुटत. पुढे तर पुण्याच्याच केडन्स कंपनीने इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवले आणि परदेशांतल्या शौकिनांना विकले. कोनाऐवजी ताणलेला पातळ पडदा विद्युतदाबाने थरथरतो, असलं नाजूक काम. आणि अमर बोस? बंगाली बापाचा मुलगा. १९५६मध्ये एमआयटीत शिकताना हौसेने चांगला स्टिरिओ घेतला, आवाज पसंत पडला नाही, म्हणून संशोधन केलं आणि १९६४मध्ये सरळ कंपनीच काढली. १९६८च्या त्यांच्या ९०१ या स्पीकरमध्ये नऊ ड्रायव्हर होते, त्यातले आठ श्रोत्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसलेले. आपल्या सोसायटीतले नवरे निदान कंपनी तरी काढत नाहीत, असं म्हणून वहिनींनी देवापुढे साखर ठेवावी.

आता खरी खमंग गोष्ट. बी विंगमधल्या एका गृहस्थांकडे रविवारी ‘ऐकण्याची बैठक’ होती. नवी केबल आली होती. किंमत वहिनींना सांगितलेली नाही, मला कळली आहे, पण मी इथे लिहिणार नाही, कुणाचा संसार मोडायला नको. फरशीवर निळ्या चिकटपट्टीच्या खुणा, स्पीकर कुठे उभा राहणार त्याच्या. सोफ्यावर मधोमध एकच जागा, कारण दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हावा लागतो. बाकीच्यांनी पाळीपाळीने बसायचं, तोवर भिंतीला टेकून उभं राहायचं. गाणं कुठलं? दुसरं कुठलं असणार! ईगल्सचं १९९४चं लाइव्ह ‘हॉटेल कॅलिफोर्निया’. गिटार वाजते, मग तो ढुम्म पडतो, आणि सगळे माना डोलवतात. ढुम्म झाला की गाणं बंद, पुढचा उमेदवार. त्या गाण्याला शब्दही आहेत हे यातल्या निम्म्यांना ठाऊक नसावं.

एकमताने ठराव झाला की नव्या केबलने बेस मोकळा झाला, पूर्वीचा गदगदाट गेला. टाळ्या, चहा, कांदाभजी. तेवढ्यात भांड्यांना आलेल्या मावशी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘दादा, त्या पट्ट्यांवर नका जाऊ. सकाळी पोछा मारताना मी ते खांब पुढं ओढलेत, मागं जाळी झाली होती.’ फूटभर पुढे! दोन्ही! चिकटपट्ट्या मागे राहिल्या आणि एवढ्या जाणकारांपैकी एकाचंही लक्ष गेलं नाही. आता तुम्हीच सांगा, सत्कार केबलचा करायचा की मावशींचा?

मावशींनी केलं ते शंभर टक्के शास्त्रशुद्ध होतं. स्पीकर भिंतीला चिकटवला की खालचे सूर फुगतात. त्यात आपली खोली. दहा फूट रुंदीच्या हॉलमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा सूर दोन भिंतींमध्ये बरोबर मावतो आणि घुमत राहतो. तुम्ही पन्नास हजारांचा स्पीकर लावा की पाच लाखांचा, भिंती तेवढ्याच अंतरावर. वर गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स, बाल्कनीची काचेची सरकती दारं, पीओपीचं छत. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवून बघा, मागे ‘टर्र’ असा शेपटासारखा आवाज येतो. त्या शेपटावर लाखाचा ट्वीटर काय करणार? उपाय म्हणजे जाड पडदा, सतरंजी, पुस्तकांनी भरलेलं कपाट. पण सतरंजीचा फोटो टाकून कुणी मिरवतं का हो?

डोळे कानांना फसवतात, हेही आता लपून राहिलेलं नाही. १९९४मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी अमेरिकेत हर्मन कंपनीत तेच श्रोते, तेच स्पीकर घेऊन दोनदा चाचणी केली. एकदा स्पीकर समोर दिसत असताना, एकदा पडद्याआड. दिसत होते तेव्हा मोठ्या, भारी स्पीकरना गुण चढले. पडदा पडला आणि तो रुबाब उतरला. आमच्याकडे असा पडदा लावायचा प्रस्ताव एका वहिनींनी मांडला होता. सभा तहकूब झाली.

वयाचा विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. पन्नाशी गाठली की बहुतेकांना वरचे सूर नीटसे ऐकूच येत नाहीत. हे मात्र ट्वीटर ४० हजार हर्ट्झपर्यंत जातो म्हणून जादा पैसे मोजतात. ते सूर घरातल्या मांजरालाच ऐकू येणार! आणि ‘पार्श्वभूमी किती काळीभोर, किती निःशब्द’ असं कौतुक चाललेलं असताना लोहगावच्या हवाई तळावरून सुखोई उडतं, खाली नगर रस्त्यावर डंपर एअर ब्रेक फुसकारतो, आणि सोसायटीची पाण्याची मोटर सुरू होते.

सगळ्यात मोठं लफडं शेवटी सांगते. त्या बी विंगमधल्याच वहिनी, ज्यांच्या नावाने सगळे घाबरून खोकी लपवतात, त्या दुपारी घरून काम आटोपलं की दार लावून त्याच टॉवरवर किशोरीताईंचा भूप लावतात. आलापापासून द्रुतापर्यंत, मध्ये एकदाही न थांबवता. नवऱ्याला पत्ता नाही. केबल बदलली होती का, अँप कुठला, डॅक कुठला, विचारलं तर म्हणाल्या, ‘मला काय ठाऊक? तानपुरा छान ऐकू येतो.’ सबंध इमारतीत त्या स्पीकरचे पैसे वसूल करणारी ही एकटी बाई.

तेव्हा स्पीकर बदलायला निघालेल्या समस्त बंधूंना विनंती. पाकीट काढण्याआधी आहेत ते भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे ओढा, समोर सतरंजी पसरा, जाड पडदे लावा आणि आठवडाभर पूर्ण गाणी ऐका. त्यानंतरही नवे हवेसे वाटले, तर आपली स्वतःची आवडती गाणी घेऊन दुकानात जा आणि जमल्यास स्पीकर घरी आणून याच हॉलमध्ये ऐकून मग पैसे द्या. नातवंडं असतील तर पुढची जाळी काढून ठेवू नका. ट्वीटरचा घुमट बोटाने आत दाबण्यासारखा खेळ त्यांना दुसरा नाही. आणि कायद्याने निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर ४५ आहे. तो ढुम्म आमच्या बेडरूममध्येही येतो, काका.