करंगळीएवढा उजेड

गेले तीन आठवडे मी एक विजेरी निवडत होतो. आमच्या आईने याहून कमी वेळात दोन सुना पसंत केल्या होत्या, आणि त्या टिकल्याही.

मुळात या वस्तूला म्हणायचं काय, इथपासून घोळ. विजेरी हा शब्द मला फार आवडतो, पण दुकानात तो उच्चारला की समोरचा मुलगा ‘काय साहेब?’ म्हणतो. टॉर्च म्हटलं की लगेच काचेवर सहा डबे मांडतो. आमच्या गावी, राजापूर तालुक्यात, ती बॅटरी आणि आत घालायचे ते सेल. ‘बॅटरी उतरली होती म्हणून फोन उचलला नाही’ असं मी एकदा काकाला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘मग सेल घालायचे!’

मला ती हवी होती करंगळीएवढी, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी गुमान राहणारी. लेकीचं म्हणणं, ‘बाबा, फोनमध्ये टॉर्च असतो की.’ असतो. पण कुलपाचं भोक शोधायला फोन काढावा, तर आधी त्याचंच कुलूप उघडावं लागतं. तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर टँकरवरून जुंपलेली दिसते, आणि मी स्वतःच्याच दाराबाहेर उभा राहून दहा मिनिटं भांडण वाचतो. शिवाय माळ्यावर काही शोधताना दोन्ही हात गुंतले, तर विजेरी दातांत धरता येते. फोन दातांत धरलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

दुकानात ल्युमेन हा एकच देव. एक डबा तीनशे सांगतो, दुसरा हजार. ल्युमेन म्हणजे एकूण बाहेर पडणारा उजेड. तो किती लांब जाईल हे कँडेलावर ठरतं, पण कँडेलाला कुणी विचारत नाही. त्यात डोळा हे फार चिकट गिऱ्हाईक. उजेड दुप्पट केला तरी त्याला दुप्पट वाटत नाही. जवळजवळ चौपट करावा, तेव्हा कुठे तो कबूल होतो. आणि एवढ्याशा नळीतून हजार ल्युमेन काढले की थोड्या वेळात ती चटका देऊ लागते, मग बहुतेक विजेऱ्या आपणहूनच मंद होतात. किती वेळ चालेल, हे आकडे तर त्याहून गमतीचे. अमेरिकेत २००९ साली ठरलेल्या मापानुसार उजेड सुरुवातीच्या एकदशांशावर येईपर्यंतचा सगळा वेळ ‘चालू’ धरतात. या हिशेबाने मीही अजून नोकरीत चालूच आहे.

एक पाहिली, ती तीनदा दाबली की पोलिसांच्या गाडीसारखी फडफडायची. चोर गोंधळावा म्हणून. घरी आणून जिन्यात लावून पाहिली. गोंधळले ते शेजारचे आजोबा. परत केली.

मग सेलचा प्रश्न. किल्लीला लटकवायच्या, बटणासारख्या सेलच्या विजेऱ्या लवकर मान टाकतात. यूएसबीवर चार्ज होणारी चांगली, पण आमच्या घरात प्लगसाठी आधीच रांग असते. शेवटी एका ट्रिपल ए सेलवर चालणारी घेतली. हा साडेचव्वेचाळीस मिलिमीटर लांबीचा सेल आमच्याकडे ‘रिमोटचा सेल’ म्हणून ओळखला जातो. याचा अर्थ काय, ते पहिल्याच रविवारी कळलं. ‘अहो, रिमोट चालत नाहीये,’ आतून आवाज आला. मी खिशावर हात ठेवला. अल्कलाईन सेल विजेरीत विसरला तर पाझरतो, आत पांढरा क्षार जमतो, म्हणून तो अधूनमधून काढून ठेवावा लागतो, असं मी शास्त्रशुद्ध सांगू लागलो. ‘मग तो काढून रिमोटमध्ये ठेवा,’ बायको म्हणाली.

या विजेरीचं डोकं जरासं पिळलं की पहिल्यांदा लागतो तो अर्धा ल्युमेन. दुकानदाराला तो दाखवायचीही लाज वाटत होती. मी घेतली ती त्यासाठीच. पहाटे तीनला उठावं लागणाऱ्या वयाला अर्धा ल्युमेन पुष्कळ होतो, आणि घरातलं कुणी जागं होत नाही.

आजोबांची बॅटरी तीन मोठ्या सेलची, पितळेची. सेल दमले की ते अंगणात उन्हं खायला पडलेले असत, पापडांच्या शेजारी. रात्री पाणंदीतून येताना आजोबा ती सतत लावून ठेवत नसत. एकदा लावायची, वाटेत फुरसं नाही ना ते बघायचं, विझवायची, दहा पावलं चालायचं, पुन्हा लावायची. मला तो कंजूषपणा वाटे. पुढे कळलं, ते मूळ पद्धतीलाच धरून होते. १८९९ साली डेव्हिड मिझेलला अमेरिकेत हातात धरायच्या विजेच्या दिव्याचं पेटंट मिळालं. तो विकला कॉनराड ह्युबर्टच्या कंपनीने, जी पुढे एव्हररेडी झाली. तेव्हाच्या सेलांना सलग वीज देणं झेपत नसे. क्षणभर लावायचा, मग सेलांना विसावा. म्हणून तिकडे त्याचं नाव पडलं फ्लॅशलाइट. आजोबांना इंग्रजीचा गंध नव्हता.

त्या अमेरिकी मापातली एक गोष्ट मात्र मला इतकी आवडली, की ती पडताळायला मी गावी गेलो. झोत ‘चाळीस मीटर’ जातो म्हणजे काय? तर तेवढ्या अंतरावर त्याचा उजेड पाव लक्स उरतो, साधारण निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याइतका. कोजागरीला जेवणं झाल्यावर काकाला घेऊन सड्यावर गेलो. पन्नासेक पावलांवर एक गडगा होता. ऐटीत डोकं पिळून पूर्ण उजेड सोडला. तो गडग्यापर्यंत पोचला की नाही, कोण सांगणार? तिथे तेवढा आधीच पडलेला होता.

आजोबांची बॅटरी काकाच्या काखेत होती, न लावलेली.

‘विझव ती,’ तो म्हणाला. ‘काही दिसू देत नाही.’

विझवली. डोळ्यांपुढे एक हिरवट ठिपका नाचत राहिला. अंधाराला पुरतं सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात, हे मी सांगणार होतो, पण काका केव्हाच पुढे निघाला होता. हळूहळू गडगा वर आला, मग पिवळं पडू लागलेलं गवत, मग बऱ्याच पुढे गेलेली काकाची पांढरी बंडी. जांभ्याच्या पायऱ्या लागल्या तेव्हा त्याने एकदाच बॅटरी लावली, खाली पाहिलं, आणि विझवली.