वेळ सोडून सगळं

छंद परवडत नसेल तर त्याची कागदपत्रं जमवावीत. काही लोक जिनिव्हाच्या पाटेक फिलिप कंपनीची घुमटी घड्याळं जमवतात. मी त्या घड्याळांच्या लिलावाचे कॅटलॉग जमवतो. त्यांतल्या किमती फ्रँकमध्येच वाचाव्यात. रुपये करायला गेलं की एकेका पानावर कोथरूडचे फ्लॅट दिसायला लागतात.

घुमटी घड्याळ म्हणजे वीतभर उंचीचा गोल खांब, वर घुमट आणि अंगभर मीनाकाम. जिनिव्हा सरोवरातली गलबतं, पक्षी, फुलं असं काय काय, आणि या सगळ्या धामधुमीत एक तबकडी, अंग चोरून बसलेली. सौ.ने चित्र बघून विचारलं, "अहो, एवढा मोठा करंडा? कुंकू किलोनं घ्यायचंय का?"

तिला कसं सांगावं, की या करंड्यावर केसाएवढी सोन्याची तार चिमट्यानं वाकवून चित्राची रेघन् रेघ उभी केलेली असते! तारेचे कप्पे झाले की काचेची रंगीत पूड पाण्यात कालवून त्यांत भरायची आणि आठशे अंशांच्या पुढच्या भट्टीत घालायचं. वितळल्यावर रंग खाली बसतो. पुन्हा भरा, पुन्हा भाजा. निळा जमला म्हणून लाल जमेलच असं नाही. आणि सगळं जमल्यावर, अगदी शेवटच्या भाजणीत, तडा जाऊ शकतो. हे वाचल्यापासून मी घरात करपलेल्या पोळीबद्दल चकार शब्द काढत नाही.

या सगळ्याचं श्रेय थोडंफार कॅल्व्हिनला द्यायला हवं. सोळाव्या शतकात या धर्मसुधारकानं जिनिव्हात दागदागिन्यांवर डोळे वटारले. सोनार बिचारे घड्याळांकडे वळले. घड्याळ उपयोगी वस्तू, त्याला कोण हरकत घेणार? पुढे त्याच उपयोगी वस्तूवर त्यांनी इतकी नक्षी आणि इतके रंग चढवले, की दागिना परवडला. कडक सासूच्या राज्यात सुनाही असेच मार्ग काढतात.

आतली गंमत वेगळीच. 1950च्या दशकात पाटेकनं यांतल्या काही घड्याळांच्या माथ्यावर प्रकाशघट बसवला. उजेड पडला की वीज तयार होणार आणि तिच्यावर चालणारी इवलीशी मोटार स्प्रिंगला चावी देणार. म्हणजे मौल्यवान वस्तू तिजोरीत ठेवण्याची आपली सवय इथे कामाची नाही. तिजोरीत ठेवलंत, तर घड्याळ उपाशी.

माझा खरा जीव मात्र जेजर-लकुल्त्र कंपनीच्या 'अॅटमॉस' घड्याळावर. काही मोजक्या अॅटमॉसवर मीनाकामही असतं. 1928 साली नशातेलच्या झाँ-लेऑं रॉयटरनं शोधलेलं हे यंत्र हवा खाऊन जगतं. आत वायू भरलेली डबी. ऊन-गारव्यानं ती फुगते, आकसते आणि त्यावर स्प्रिंग गुंडाळली जाते. एका अंशाच्या फरकावर साधारण दोन दिवसांची सोय. मी लगेच हिशेब मांडला. मुंबईत पावसाळ्यात त्याचे हाल होतील. रात्री चिकचिक, दिवसाही चिकचिक. पण पुण्याचा फेब्रुवारी! पहाटे स्वेटर, दुपारी पंखा. एका दिवसात महिन्याचा शिधा जमा.

हे सगळं मी सौ.ला उत्साहानं समजावून सांगितलं.

"म्हणजे हवा आहेच आपल्याकडे," ती म्हणाली. "आता घड्याळाचं तेवढं बघा."