संशयाचा फायदा

इटालियन क्रियापदाचे अर्थ (आज्ञार्थ, संकेतार्थ वगैरे) ७, त्यांचे काळ २१. विद्यार्थी रूपं घोकून घायकुतीला येतात. वार्ताहर मात्र एकट्या संकेतार्थावर अख्खी कारकीर्द काढतात. मंत्र्याने लाच घेतली, असं सरळ छापलं तर अब्रुनुकसानीच्या दाव्याची धास्ती. म्हणून ‘आव्रेब्बे प्रेसो’ छापायचं: म्हणजे, घेतली म्हणे! पुरावा नसला तरी बातमी पहिल्या पानावर.

काळ कुठला वापरायचा, हे प्रांतावर ठरतं. सिसिलीत आज सकाळी घेतलेल्या कॉफीलाही दूरचा भूतकाळ चालतो. मिलानमध्ये पणजोबांच्या लग्नालाही नजीकचाच पुरतो.

‘मला वाटतं’ म्हटलं की पुढे संशयार्थ लावायचा, हा व्याकरणाचा दंडक. हल्ली बोलताना पुष्कळजण तो सर्रास गाळतात आणि मास्तर कपाळाला हात लावतात. मास्तर, उगाच का त्रागा? स्वतःच्या मताबद्दल संशय आता उरलाय कोणाला?