पाहुण्या श्वानाचा स्वभाव : एक प्राथमिक अभ्यास

रस्त्यावरून उचलून आणलेल्या वा कोणी सोडून दिलेल्या कुत्र्याला कायमचे घर मिळेपर्यंत एखाद्या कुटुंबाने आपल्याकडे ठेवून घेणे, यास प्राणिप्रेमी मंडळींत ‘फॉस्टर करणे’, म्हणजेच तात्पुरता सांभाळ करणे, असे म्हणतात. यातील ‘तात्पुरता’ हे विशेषण मुख्यतः घरातील ज्येष्ठांची संमती मिळवण्यासाठी योजलेले असते, असे मानण्यास पुष्कळ आधार आहे. खाणे, औषधे व रेबीजची लस यांखेरीज या कुटुंबाकडे आणखी एक काम असते, ते म्हणजे कुत्र्याचा स्वभाव ओळखून भावी पालकांसाठी तो चार ओळींत लिहून देणे, आणि घोळ होतो तो येथेच.

सुरुवातीला कुत्रा कॉटखाली शिरून बसतो, भुंकत नाही, काही मागत नाही, आणि कुटुंब ‘शांत व समंजस’ असा शेरा मारून मोकळे होते. वस्तुतः तो गारठलेला असतो. दिवाळसणाला आलेल्या जावयाच्या मितभाषीपणावरून जसा निष्कर्ष काढू नये, तसाच तो येथेही काढू नये. कार्यकर्ते याबाबत तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ठोकताळा सांगतात : पहिले बावरण्याचे, दुसरे घरची रीत उमगण्याचे, तिसरे घर आपले वाटण्याचे. समंजस श्वान सोफ्याचा फोम उपसतो तो साधारणतः दुसऱ्या टप्प्यात, आणि तोच खरे तर विश्वासाचा पुरावा होय, हे सोफ्याच्या मालकास पटवणे मात्र अवघड जाते.

अपराधी मुद्रेचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. कान पाडून, नजर चुकवून, शेपूट पायांत घालून उभ्या असलेल्या कुत्र्याला आपली चूक कळली, असे घरोघरी ठामपणे सांगितले जाते. परंतु अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की, ही मुद्रा कुत्र्याने खाऊ चोरला की नाही यावर नव्हे, तर मालक रागावला की नाही यावर अवलंबून असते, इतकेच नव्हे तर निरपराध कुत्रे रागावल्यावर अधिकच अपराधी दिसतात. या शोधाचा लाभ घरातील धाकट्या चिरंजीवांनी फार पूर्वीपासून घेतलेला असून, फुटलेल्या कपबश्यांची जबाबदारी चारपायी सदस्याकडे वर्ग होण्याची प्रथा त्यामुळेच टिकून आहे.

कुटुंब असे निरीक्षणात गढलेले असताना कुत्र्याने आपला अभ्यास केव्हाच पूर्ण केलेला असतो. कुकरच्या कितव्या शिट्टीला गॅस बंद होतो, फ्रिजचे दार दुधासाठी उघडले की चीजसाठी, कोणाची चप्पल वाजली म्हणजे फिरायला जायचे आणि कोणाची वाजली म्हणजे नाही, हे त्यास ठाऊक असते. ‘घरात कुत्रं नको’ असे सर्वांत मोठ्याने बजावणाऱ्या आजीच जेवताना पोळीचा तुकडा टेबलाखाली सोडतात, ही गोष्ट तर त्याने पहिल्या आठवड्यातच हेरलेली असते.

पुढे दत्तक घेऊ इच्छिणारे सज्जन दारात येतात, तेव्हा स्वभावाच्या रकान्यातील मजकूर अचानक बदललेला आढळतो : कुत्रा रात्रभर रडतो, मोजे गिळतो, पाहुण्यांस चावण्याची शक्यता नाकारता येत नाही. हा मजकूर बहुधा आजींनी सांगितलेला असतो, आणि पाहुण्यांच्या मांडीवर डोके टाकून घोरत पडलेला श्वान त्यास कोणताही दुजोरा देत नाही.