वस्तरे उजळविणारा गृहस्थ

तुमसरच्या राईस मिली आणि जवळच्या डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील मँगनीजच्या खाणी यांच्यामुळे या परिसरात मोटारी बांधणारे, पट्टे जोडणारे आणि बेअरिंगचा नुसता आवाज ऐकून त्याचे दुखणे सांगणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आले. परंतु सेवानिवृत्तीनंतर या हातांचे काय करावयाचे, हा प्रश्न समाजशास्त्राने गांभीर्याने घेतला नाही. या दुर्लक्षातून जे नमुने उदयास आले, त्यांतील सर्वांत चकचकीत नमुना म्हणजे जुने वस्तरे विजेच्या यंत्रावर घासून उजळविणारा गृहस्थ होय.

हा गृहस्थ व्यवसायाने न्हावी नसतो आणि लोहारही नसतो, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे, कारण त्या दोघांनाही वस्तऱ्याविषयी थोडी भीती वाटते आणि याला ती वाटत नाही. सलूनमध्ये अर्धे ब्लेड बसविण्याची मूठ रूढ झाल्यावर धोकटीतले, म्हणजे न्हाव्याच्या हत्यारांच्या चामडी पिशवीतले, घडीचे पोलादी वस्तरे निरुपयोगी ठरून भंगारात गेले. तेथून ते वजनाच्या भावाने या गृहस्थाकडे येतात. त्याच्या पडवीत मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेणारी एक मोटर असते, तिच्या एका टोकाला कुरुंदाचे चाक आणि दुसऱ्या टोकाला बफ, म्हणजे कापडी घड्या शिवून केलेले पॉलिशचे चाक. त्यावर लावावयाच्या हिरव्या वडीला बाजारात साबण म्हणतात, जरी तिच्यात धुण्याजोगे काही नसून क्रोमियमच्या ऑक्साइडची पूड असते. याखेरीज ११,००० फेऱ्यांचा हाती धरावयाचा ग्राइंडर केवळ ‘हट्टी गंजासाठी’ राखून ठेवलेला असतो, आणि या गृहस्थाच्या लेखी प्रत्येक गंज हट्टीच असतो.

वस्तऱ्याची रचना मोठी हुशारीची आहे. त्याची जाड पाठ आणि पातळ धार ही दोन्ही निसण्यावर, म्हणजे धार लावण्याच्या दगडावर, एकाच वेळी टेकतात आणि त्यामुळे धारेचा कोन कारागिराच्या मनगटावर नव्हे, तर पाठीच्या जाडीवर ठरतो; तो साधारण १६-१७ अंशांचा असतो. पाठ घासली की कोन बिघडला. पाते दोन्ही बाजूंनी आत पोखरलेले असल्यामुळे धारेजवळ लोखंड जवळजवळ उरतच नाही. हे सर्व या गृहस्थाला तोंडपाठ असते आणि आल्यागेल्याला तो ते मोटर चालू असतानाच समजावून सांगतो.

पात्याच्या शेपटावर, म्हणजे मुठीकडच्या भागावर, गावाचे व देशाचे नाव कोरलेले असते. १८८७ साली इंग्लंडने कायदा करून परदेशी मालावर मूळ देशाचे नाव घालावयास लावले, कारण झोलिंगेनचा स्वस्त माल शेफील्डच्या नावावर खपतो अशी शेफील्डच्या कारागिरांची तक्रार होती; लाज वाटावी म्हणून मारलेला तो शिक्का पुढे जर्मनांच्या प्रतिष्ठेचा झाला. तुमसरच्या पडवीत मात्र बफ फिरू लागताच आधी ‘मेड’ जाते, पाठोपाठ ‘इन’ जाते, आणि दोन महायुद्धांना जे साधले नाही ते हिरव्या साबणाच्या एका वडीने साधून जर्मनीही पुसली जाते.

खरा घोटाळा उष्णतेचा असतो. पोलादाला पाणी देणे म्हणजे ते लाल तापवून एकदम बुडवून कठीण करणे, आणि मग ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा बेताने तापविणे. वस्तऱ्याचे हे दुसरे तापविणे साधारण २०० अंशांच्या आतबाहेर आटोपलेले असते. चाकावर कागदासारखी पातळ धार क्षणात त्याच्या पलीकडे जाते, प्रथम गवती पिवळी आणि ३०० अंशांच्या सुमारास निळी होते, आणि निळी झाली की तिचे पाणी उतरले असे जाणकार समजतात. हा गृहस्थ मात्र ती निळाई पाहून हरखतो, शेजाऱ्याला हाक मारून ‘पाहा न जी, कसा रंग सोडून रायला!’ असे म्हणतो, आणि नंतर तोच रंग बफावर साफ करून पुरावाही नाहीसा करतो. मऊपणा तेवढा आत राहतो. विदर्भातील भारनियमनाविषयी पुष्कळ वाईट लिहिले गेले आहे, परंतु त्यामुळे किती वस्तऱ्यांचे प्राण वाचले याची नोंद कोणी ठेवलेली दिसत नाही.

पॉलिश पेपराचा आकडा जितका मोठा तितका त्याचा कण बारीक, आणि ८० नंबरचे ओरखडे २२०ने, त्याचे ४००ने, असे २,००० पर्यंत क्रमाने पुसावयाचे असतात. पण मधल्या पायऱ्या हा गृहस्थ सरकारी शेरे वाचावेत तशा वरवर ओलांडतो, त्यामुळे पाते आरशासारखे होते खरे, पण त्या आरशात पाहणाऱ्याच्या तोंडावर आडवे ओरखडे उमटलेले असतात. अंगठ्याला बहुधा चिंधी बांधलेली असते, कारण बफ धारेला पकडून पाते भिरकावतो. पाते धारदार असल्याचा हा एवढाच पुरावा त्याच्या हाती लागतो, आणि तोही आरंभीच्या काळातला.

घरातली विळी बोथट असल्याचे गृहिणीने कितीदा सांगितले तरी ‘ते आपले काम नाही’ असे उत्तर मिळते, आणि विळीला धार गल्लीत सायकलवर चाक घेऊन येणारा माणूसच लावून जातो. गृहस्थाची स्वतःची दाढी बाजारातल्या सलूनमध्ये अर्ध्या ब्लेडने होते. तेथील वृद्ध कारागिराला एकदा तरी वस्तरा भेट दिला जातोच. तो धारेवरून अंगठा आडवा फिरवतो, फार आदराने म्हणतो, ‘मस्त झाला न जी भाऊ, आता पंख्याखाली कागद उडणार नाहीत,’ आणि गृहस्थ ही प्रशंसा गावभर सांगतो.

तालुक्यातले वस्तरे आता संपत आले असून या गृहस्थाची नजर पानाच्या तबकाकडे वळली आहे, हे ध्यानात आल्यापासून आसपासच्या वडीलधाऱ्यांनी आपापले अडकित्ते उशाखाली घेऊन निजण्यास सुरुवात केली आहे.