न आलेल्या विधेयकाचे कौतुक

विधेयक अडविण्याची कला पाश्चात्त्यांना अद्याप साधलेली नाही, असे आमचे नम्र मत आहे. ओबामांच्या 2010 च्या आरोग्य कायद्यास विरोध म्हणून टेड क्रूझ नावाचे सिनेटर 2013 साली 21 तासांहून अधिक काळ उभ्याने बोलले, मध्येच आपल्या मुलींसाठी एक बालकथाही वाचून मोकळे झाले, आणि एवढा घसा कोरडा करूनही कायदा होता तेथेच राहिला.

आमच्याकडे असा अपव्यय नाही. त्याच 2010 साली आपल्या संसदेने खासगीच नव्हे तर सरकारी रुग्णालयांचीही नोंदणी आणि किमान दर्जा ठरविणारा वैद्यकीय आस्थापना कायदा केला व त्याचा स्वीकार राज्यांच्या मर्जीवर सोपविला; महाराष्ट्राने तो नाकारला नाही, स्वीकारलाही नाही, उलट 2014 साली स्वतःचा मसुदा तयार करवून घेतला आणि तो विधिमंडळाच्या पटलापर्यंत पोहोचणार नाही याची तजवीज कोणत्याही गाजावाजाविना केली. जो मसुदा सभागृहात येतच नाही, त्याच्यापायी सभात्याग कशाला, हौद्यात उतरणे कशाला आणि राजदंड पळविणे तरी कशाला? सरकारे बदलली, बाके बदलली, घोंगडे मात्र भिजतच राहिले. दोन्ही पक्षांचे असे ऐकमत्य अन्य विषयात क्वचितच आढळते.

आमच्या नगर जिल्ह्यात तर आरोग्याची कळकळ पूर्वापार. 1970 साली जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांच्या हाती गावाचे आरोग्य सोपवून दाखविले, 1979 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, देशोदेशीचे लोक तेथे शिकावयास आले. मुंबईहून जामखेड तेवढे फार दूर पडत असावे. पुढे 6 नोव्हेंबर 2021 रोजी, ऐन भाऊबिजेच्या दिवशी, नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागास आग लागून 11 रुग्ण दगावले, तेव्हा चौकशी समिती नेमण्यात शासनाने तिळमात्र कसूर केली नाही. त्यानंतर जिल्ह्याचे नाव बदलण्याचा प्रश्न मात्र यथासांग मार्गी लागला, हे मान्य केले पाहिजे.

खासगी शुश्रूषागृहांचा कारभार 1949 च्या कायद्यावर चालतो. जानेवारी 2021 मध्ये त्याच्या नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी जागी लावण्याचे फर्मान निघाले. एका शुश्रूषागृहात असा फलक आम्ही प्रत्यक्ष पाहिला. त्याच्यावर औषध कंपनीचे कॅलेंडर टांगलेले होते. जून महिना वर उचलला की ‘खाटेचे भाडे’ एवढे शब्द दिसत, आकडा जुलैच्या आड. काउंटरवरील मुलीस विचारले, तर ती अदबीने म्हणाली, “काका, आधी डिपॉझिट भरा, मग सांगते.”